पाणी मुरवताना पाऊल जपा

आपल्या शेजारच्या आर्वी तालुक्यातील काकडदरा या गावाने २०१७ साली श्रमदानाच्या बळावर ‘सत्यमेव जयते वॉटर कप’चा पहिला पुरस्कार मिळवला. चर खोदण्याचा उत्साह उन्हाळ्यात गावोगावी दिसतो. पावसाळ्यात त्यांतला गाळ आणि पालापाचोळा काढायला मात्र फारसे कोणी फिरकत नाही. तळेगावातील (श्यामजी पंत) निवृत्त मंडळींनी, गावातील चर असोत वा सार्वजनिक बाग, ही देखभाल अवश्य अंगावर घ्यावी.

मात्र मधुमेह असल्यास अनवाणी चिखलात उतरू नका. बधिर तळव्याला काटा रुतल्याचे कळत नाही आणि तीच जखम चिघळून कधी बोट गमवावे लागते. गमबूट व हातमोजे हवेतच. उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो. पुढील महिनाभरात ताप आला, तर डॉक्टरांना चिखलातील काम आवर्जून सांगा. रक्तदाबाची गोळी घेणाऱ्यांनी निंदताना वाकून चटकन उभे राहू नये, भोवळ येते.

घरच्यांनी संध्याकाळी वडीलधाऱ्यांचे तळवे, बोटांच्या बेचक्यांसह, उजेडात पाहावेत. चष्मा लावूनही त्यांना ते स्वतः नीट दिसत नाहीत.

पाऊस उघडल्यावर दोन दिवसांत पाणी मुरले नाही, तर तळाशी गाळ दाटला आहे असे समजून तो खरवडावा. आठवडाभर साचलेल्या पाण्यात अंड्यांचे डास होतात. गुडघे दुखणाऱ्यांनी खुणेची काठी रोवून पाणी किती उतरले, एवढे रोज टिपून ठेवावे.