आधी हवा, मग रंग

माणगावात पावसाळ्यात एअरब्रश हातात घ्यायचा तर पहिलं भांडण पाण्याशी. कॉम्प्रेसरमध्ये हवा दाबली की तापते, नळीतून येताना निवते आणि तिच्यातली वाफ पाणी होऊन सुटते. आषाढात आमच्या हवेला वाफेचा काय तोटा! छान गुळगुळीत रंगत आलेल्या बसच्या टपावर गन मधेच एक थेंब थुंकते आणि खाली डाग. त्यामुळे नळीवर पाणी अडवणारा मॉइश्चर ट्रॅप हवाच, आणि त्यात साठलेलं पाणी काम चालू असतानाही अधूनमधून सोडावं लागतं.

बस म्हणजे अर्थात एसटी. सनबोर्ड कापून लालपरी उभी करणारी हौशी पोरं महाराष्ट्रात गावोगाव आहेत. अकरा मीटरची गाडी १:२४ प्रमाणात केली की साधारण ४६ सेंटिमीटरची होते. ब्रशने रंगवताना अर्धा मिलिमीटरचा ओघळ राहिला, तर खऱ्या गाडीवर तो १२ मिलिमीटर जाडीचा झाला. प्रतिकृती खेळण्यासारखी दिसायला लागते ती इथे. एअरब्रशचा थर इतका पातळ बसतो की खिडकीच्या चौकटीची धार बुजत नाही.

हे शिकायला रायगडकराला लांब जायला नको. पेण, हमरापूर, जोहे इथल्या गणपतीच्या कारखान्यांत गन रोजच्या वापरातली, आणि माणगावातल्या छोट्या कारखान्यांतही तेच तंत्र. अशाच एका कारखान्यात बसून मी एका दादांचं बोट पाहत होतो. घोडा खाली दाबला की नुसती हवा, मागे ओढला की रंग. यालाच डबल अ‍ॅक्शन म्हणतात. ते म्हणाले, "आधी हवा सोडायची, मग रंग. थांबताना उलटं, आधी रंग बंद, मग हवा." रंग आधी सुटला तर सुरुवातीलाच ठिपका पडतो, हवा आधी तुटली तर टोकाशी रंग राहतो आणि पुढच्या फवाऱ्याला शिंतोडे उडतात. सोंडेच्या वळणात सावली भरताना त्यांचा हात मूर्तीच्या आधीच हलायला लागायचा, रंग मागाहून यायचा आणि मूर्ती ओलांडून गेल्यावरच थांबायचा. हात एका जागी कधी उभा नाही. डोळ्यांची आखणी मात्र बारीक ब्रशनेच; तिथे गन कुणी नेत नाही. एसटीच्या पाटीवरची अक्षरंही ब्रशनेच काढावीत, असं माझं मत आहे.

घरच्या कामाला ०.३ मिलिमीटर नोझलची, वर रंगाची वाटी असलेली डबल अ‍ॅक्शन गन पुरते. दाब १५ ते २० पीएसआय. रंग दुधाइतका पातळ हवा. घट्ट राहिला तर पृष्ठभाग खरखरीत होतो. फार पातळ झाला किंवा दाब वाढला तर रंगाचे कोळ्यासारखे पाय फुटतात. गन लांब धरली तर थेंब वाटेतच सुकतात आणि भुकटी बसते. आधी जुन्या वर्तमानपत्रावर ठिपके आणि रेघा मारत बसायचं. कंटाळवाणं काम आहे, पण बोट त्याशिवाय वळत नाही.

एनसी थिनरचा मोह पावसाळ्यात टाळावा. तो झपाट्याने उडतो, पृष्ठभाग गार पडतो, त्यावर हवेतला ओलावा बसतो आणि लाल रंगावर पांढुरकी झाक येते. थर्माकोल तर त्यात विरघळतोच. पाण्यात विरघळणारे अ‍ॅक्रिलिक बरे. पावसात ते सावकाश सुकतात एवढंच. थंडीच्या कोरड्या दिवसांत त्यांची उलटी तऱ्हा, नोझलच्या टोकावरच सुकून बसतात. रंग कुठलाही असो, मास्क लावायचाच आणि खिडकीत बाहेर हवा फेकणारा पंखा ठेवायचा. काम झालं की गन तिथल्या तिथे धुवायची, सुई बाहेर काढून पुसायची. निम्मा वेळ यात जातो, हे विकणारा सांगत नाही.

पैसे घालायचेच तर भारी गनपेक्षा टाकीवाल्या कॉम्प्रेसरवर घाला. टाकी नसली की हवा धक्क्याधक्क्याने येते आणि रेघ थरथरते. शिवाय वीज गेली तरी हातातला फवारा पुरा होण्याइतकी हवा टाकीत शिल्लक असते; आमच्याकडे ही लहान गोष्ट नाही. आणि शिकायला म्हणून श्रावणात कुठल्या कारखान्यात जाऊ नका, तेव्हा तिथे मान वर करायला कुणाला फुरसत नसते. माघी गणपती उरकला की जा.