डोंगर की सरकारी नोकरी : गैरसमज आणि वस्तुस्थिती

पदवीचा निकाल लागला की सह्याद्रीत रमणाऱ्या अनेक मुलामुलींच्या घरात एकच वाद सुरू होतो. मुलांना ट्रेक लीडर व्हायचं असतं किंवा साहसी पर्यटनात काम करायचं असतं. आईवडिलांना ती पुण्याच्या सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेच्या तयारीला बसलेली हवी असतात. दोन्ही बाजूंची तळमळ खरी असते, पण दोघांच्याही हातात बहुतेक वेळा ऐकीव माहिती असते. म्हणून नेहमी कानावर येणारे पाच समज इथे तपासून पाहू.

गैरसमज : शंभर किल्ले पाहिले, आता ट्रेक लीडर होता येईल.

वस्तुस्थिती : स्वतः डोंगर चढणं आणि तीस अनोळखी माणसांना सुखरूप उतरवणं ही दोन वेगळी कामं आहेत. दुसऱ्या कामाला प्रशिक्षण लागतं. दार्जिलिंगची हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट (स्थापना 1954) आणि उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था (स्थापना 1965) इथे गिर्यारोहणाचा प्राथमिक अभ्यासक्रम साधारण चार आठवड्यांचा असतो. त्यात ‘ए’ ग्रेड मिळाली तरच पुढचा, म्हणजे प्रगत अभ्यासक्रम करता येतो. शिकवण्याच्या पद्धतीचा आणि शोध-बचावाचा अभ्यासक्रम त्यानंतर येतो. प्रथमोपचाराचं शिक्षण वेगळं घ्यावं लागतं. शिवाय राज्याच्या ऑगस्ट 2021 च्या साहसी पर्यटन धोरणानुसार जमीन, पाणी आणि हवेतले साहसी उपक्रम चालवणाऱ्या आयोजकांना पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी लागते. चार मित्र जमवून पैसे घेऊन माणसं गडावर न्यायची, याला आता व्यवसाय म्हणता येत नाही.

गैरसमज : या क्षेत्रात पोट भरत नाही.

वस्तुस्थिती : फक्त शनिवार-रविवारी, दर ट्रेकच्या मानधनावर काम केलं तर खरंच भरत नाही. पावसाळ्यात गर्दी उसळते आणि मार्च-एप्रिलच्या उन्हात सह्याद्री रिकामा होतो. हंगामाचं हे गणित ओळखून जे वर्ष आखतात, ते टिकतात. पावसाळ्यात आणि हिवाळ्यात सह्याद्री, मे-जूनमध्ये हिमालय, मधल्या काळात शाळांची शिबिरं, प्रस्तरारोहणाचे वर्ग आणि कंपन्यांचे उपक्रम, अशी त्यांची कामं वर्षभर पसरलेली असतात. तरीही भविष्यनिर्वाह निधी, पगारी रजा, विमा यांची सोय बहुतेकांना स्वतःच करावी लागते. घोटा दुखावला तर त्या महिन्याची कमाई थांबते. या वाटेचा हिशेब मांडताना विमा आणि सहा महिन्यांची गंगाजळी आधी धरली पाहिजे.

गैरसमज : सरकारी नोकरी लागली की म्हातारपणी पेन्शन पक्की.

वस्तुस्थिती : महाराष्ट्रात 1 नोव्हेंबर 2005 पासून सेवेत आलेल्यांना सर्वसाधारणपणे जुनी पेन्शन लागू नाही. त्यांच्या पगारातून दरमहा अंशदान कापलं जातं, शासन आपला वाटा घालतं आणि ती रक्कम गुंतवली जाते. याच प्रश्नावर मार्च 2023 मध्ये राज्यभर संप झाला. 2024 मध्ये शासनाने हमीच्या निवृत्तिवेतनाचा सुधारित पर्याय मंजूर केला. नोकरीची शाश्वती आणि दर महिन्याचा पगार हे सरकारी सेवेचं बळ आजही मोठं आहे. पण पेन्शनसाठी म्हणून ही वाट धरणाऱ्याने आपल्याला कोणती योजना लागू होईल, हे आधी वाचावं.

गैरसमज : जंगल आवडतं, तर वनखात्यातच जावं.

वस्तुस्थिती : वनखात्यात जंगल मिळतं, पण भटकंती मिळेलच असं नाही. वनरक्षक आपलं नियतक्षेत्र सांभाळतो, वनपाल परिमंडळ पाहतो आणि वनक्षेत्रपाल परिक्षेत्र. अवैध तोड, शिकार, अतिक्रमण, उन्हाळ्यातले वणवे, पिकांच्या आणि गुरांच्या नुकसानीचे पंचनामे, कोर्टाच्या तारखा हे त्यांचं रोजचं काम. बिबट्या गावात शिरला तर संतापलेल्या जमावासमोरही त्यांनाच उभं राहावं लागतं. प्रवेशाच्या अटीही वेगळ्या आहेत. भारतीय वन सेवेसाठी पदवीला वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, भूशास्त्र, गणित यांसारखा ठरावीक विषय, किंवा कृषी, वनशास्त्र, अभियांत्रिकी यांपैकी पदवी लागते. चालण्याच्या चाचणीत चार तासांत पुरुषांना 25 किलोमीटर आणि महिलांना 14 किलोमीटर अंतर कापावं लागतं. ज्याला जंगल राखायचं आहे, त्याच्यासाठी हे मोलाचं काम आहे. ज्याला लोकांना जंगल दाखवायचं आहे, त्याची वाट दुसरी. ताडोब्यात पर्यटकांसोबत जाणारे गाईड वनखात्याच्या नियमांखाली काम करतात, पण ते सरकारी नोकर नसतात.

गैरसमज : आधी एमपीएससी देऊ, नाहीच जमलं तर डोंगर आहेतच.

वस्तुस्थिती : राज्यसेवेसाठी खुल्या प्रवर्गाची वयोमर्यादा सर्वसाधारणपणे 38 वर्षं आहे. ही सैल मर्यादा अनेकांना ‘अजून एक प्रयत्न’ म्हणत तिशीपलीकडे घेऊन जाते. अर्ज लाखांत येतात, पदं शेकड्यांत असतात. परीक्षेची पद्धतही बदलते. मुख्य परीक्षा वर्णनात्मक करण्याचा निर्णय 2022 मध्ये जाहीर झाला आणि उमेदवारांच्या आंदोलनानंतर त्याची अंमलबजावणी 2025 पर्यंत पुढे गेली. दरम्यान डोंगरातल्या कामाला लागणारी वर्षं अभ्यासिकेत निघून जातात. दोर, कडे आणि माणसं हाताळण्याची सवय विशीत लागते. पस्तिशीत ती अशक्य नसते, पण घरची जबाबदारी सांभाळत पहिल्या पायरीपासून शिकणं फार जड जातं.

यातली एक वाट शहाणपणाची आणि दुसरी वेडेपणाची, असं मुळीच नाही. दोन्हींत शिस्त लागते आणि दोन्हींत इतरांची जबाबदारी आपल्यावर येते. म्हणून पदवीच्या शेवटच्या वर्षातल्या मुलांना आणि त्यांच्या पालकांना कळकळीची विनंती आहे. निर्णयाआधी प्राथमिक गिर्यारोहण अभ्यासक्रम पूर्ण करा. एखाद्या वनरक्षकाला आणि पूर्णवेळ ट्रेक लीडरला भेटून त्यांचा गेला महिना कसा गेला, ते विचारा. आणि स्पर्धा परीक्षा द्यायची असेल, तर किती वर्षं द्यायची हे घरात सगळ्यांसमोर कागदावर लिहून ठेवा आणि ती मुदत पाळा.