पंपगृहातील पहारेकरी : डिजिटल आयसोलेटरची निवड

व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात 1942 ते 1946 या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर मजूर खात्याचे सदस्य होते. पाटबंधारे व वीज हे विषयही त्यांच्याच अखत्यारीत होते. आपल्या भागात हे दोन्ही विषय उपसा सिंचनाच्या पंपगृहात एकत्र येतात. कराडजवळील टेंभू येथून कृष्णेचे पाणी टप्प्याटप्प्याने उचलून खानापूर, आटपाडी अशा दुष्काळी तालुक्यांकडे नेले जाते. मिरज तालुक्यातील म्हैसाळ योजनाही त्याच धर्तीची. अशा ठिकाणच्या अ‍ॅनालॉग इनपुट मॉड्यूलसाठी डिजिटल आयसोलेटर कसा निवडावा, हे तंत्रशिक्षणाकडे वळणाऱ्या आपल्या मुलामुलींसाठी आम्ही येथे मांडत आहोत.

पाण्याची पातळी मोजणारे उपकरण 4 ते 20 मिलिअँपिअर प्रवाह पाठविते. 250 ओहमच्या रोधावर त्याचे 1 ते 5 व्होल्ट होतात आणि एडीसी ते अंकांत बदलते. हौद 10 मीटर खोल असेल, तर 16 मिलिअँपिअरच्या पल्ल्यात ही सारी खोली सामावते. दोन ठिकाणच्या अर्थिंगमधील फरकामुळे केवळ 0.16 मिलिअँपिअर जादा प्रवाह मिसळला, तरी पातळी 10 सेंटिमीटरने चुकते. आयसोलेटर ही वाट बंद करतो. त्यातील विद्युतरोधक थरापलीकडे विद्युत वा चुंबकीय क्षेत्राद्वारे संदेश पोहोचतो, प्रवाह मात्र पोहोचत नाही.

निवडताना प्रथम वाहिन्या मोजाव्यात. एसपीआय जोडणीस साधारणतः तीन वाहिन्या एडीसीकडे जाणाऱ्या व एक परत येणारी, अशा चार लागतात. नंतर विलंब पाहावा. 10 मेगाहर्ट्झच्या घड्याळाचे अर्धे आवर्तन 50 नॅनोसेकंदांचे असते. आयसोलेटरचा जाण्याचा व येण्याचा विलंब प्रत्येकी 15 नॅनोसेकंद धरला, तर एडीसीच्या उत्तरासाठी जेमतेम 20 उरतात. संथ ऑप्टोकप्लर येथे अपुरा पडतो. मोठ्या मोटारींचे ड्राइव्ह जवळ असतील, तर व्होल्टेजच्या आकस्मिक उसळीतही संदेश न बिघडण्याची क्षमता तपासावी. ती किलोव्होल्ट प्रति मायक्रोसेकंदात दिलेली असते. एका बाजूचा पुरवठा गेल्यास आउटपुट कोणत्या स्थितीत राहते, हेही पाहावे.

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न माणसाच्या जिवाचा. जेथे चुकून 230 व्होल्ट इनपुटच्या तारेवर येऊ शकतात आणि दुसऱ्या बाजूस माणसाचा हात लागू शकतो, तेथे मूलभूत दर्जाचे इन्सुलेशन पुरेसे नाही. प्रबलित दर्जाचेच हवे. त्याचे प्रमाणपत्र मागावे. सर्किट बोर्डावर आयसोलेटरखालून तांब्याची रेघ नेऊ नये, आणि एडीसीचा वीजपुरवठाही विलग असावा; अन्यथा पुढचे दार लावून मागचे उघडे ठेवल्यासारखे होईल.

किमतीतील थोडा फरक पाहून खरेदी करणारा सहसा कार्यालयात असतो, पॅनेल उघडणारा कामगार पंपगृहात. त्या कामगाराच्या घरातूनच आपल्या शाळेत मुले येतात. म्हणून आमच्या माजी विद्यार्थ्यांपैकी कोणाच्याही हाती अशी निवड आली, तर त्यांनी दरपत्रकाआधी इन्सुलेशनचा दर्जा वाचावा, एवढीच आमची अपेक्षा आहे.