बिघाडाची नोंद कुठे होते?

इंदापूर तालुक्यातल्या नीरेकाठच्या निरवांगीसारख्या गावात गाडीत काही बिघडलं की ती वालचंदनगरच्या किंवा बारामतीच्या ओळखीतल्या फिटरकडे जाते. तो पार्ट बदलतो, पैसे घेतो, गाडी रस्त्याला लागते. मालकाच्या लेखी विषय संपला. पण तो पार्ट मुळात कारखान्यातूनच सदोष आला असेल, तर तसाच पार्ट त्या बॅचच्या इतर गाड्यांतही असतो, आणि फिटरकडच्या दुरुस्तीची खबर कंपनीलाही नसते, सरकारलाही नसते. गावाकडच्या मालकाचं खरं नुकसान इथे होतं, असं मला वाटतं. सदोष गाड्या परत बोलावण्याचा, म्हणजे रिकॉलचा कायदा मुख्यतः तक्रारी मोजून चालतो, आणि त्याचा बिघाड त्या मोजणीत येतच नाही.

आपल्याकडे २०१२ पासून वाहन उत्पादकांच्या संघटनेची ऐच्छिक रिकॉल संहिता होती. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम ११०अ आलं आणि त्याखालचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. सात वर्षांच्या आतल्या गाडीत सुरक्षिततेला धोका देणारा दोष असेल, तर सरकार कंपनीला गाड्या परत बोलवायला लावू शकतं. दंड दहा लाखांपासून एक कोटीपर्यंत. मात्र विक्रीच्या प्रमाणात ठरावीक संख्येने तक्रारी आल्याशिवाय सहसा हे चाक फिरत नाही. एकट्याच्या तक्रारीने काय होणार, असं कोणी म्हणेल. पण मार्च २०२२ मध्ये पुण्यात रस्त्याकडेला उभी असलेली ओलाची एक विजेची स्कूटर पेटली, तिचा व्हिडिओ देशभर पाहिला गेला आणि पुढच्याच महिन्यात कंपनीने त्या बॅचच्या १,४४१ स्कूटर तपासणीसाठी परत बोलावल्या. दिसलेला दोष कंपनीला झाकता येत नाही.

दुसरी अडचण सेकंड हँड गाडीची. पुण्यात दोन-तीन वर्षं चाललेली गाडी इंदापूर तालुक्यात येते, पण कंपनीच्या यादीत फोन नंबर बहुतेक वेळा पहिल्याच मालकाचा राहतो. सप्टेंबर २०२१ मध्ये मारुती सुझुकीने सियाझ, अर्टिगा, ब्रेझा, एस-क्रॉस आणि एक्सएल६ या मॉडेलांच्या १,८१,७५४ पेट्रोल गाड्या मोटर जनरेटर युनिट तपासायला परत बोलावल्या. पार्ट बदलून होईपर्यंत साचलेल्या पाण्यातून गाडी नेऊ नका, विजेच्या भागांवर थेट पाणी मारू नका, असंही सांगितलं. पावसाळ्यात ओढ्याच्या पाण्यातून गाडी काढणाऱ्याला ही सूचना जितकी गरजेची, तितकीच ती त्याच्यापर्यंत पोचणं अवघड. म्हणून जुनी गाडी घेताना आरसी बुकवरचा चेसिस नंबर कंपनीच्या वेबसाइटवर टाकून किंवा शोरूमला फोन करून रिकॉल बाकी आहे का, हे विचारलंच पाहिजे. वॉरंटी संपली म्हणून गप्प बसू नये. रिकॉलच्या कामाला पार्टचे वा मजुरीचे पैसे पडत नाहीत. शोरूमला नेलं की नको ती कामं गळ्यात मारतात, ही तक्रार अनेकदा खरी असते. त्यावर उपाय म्हणजे जॉब कार्डवर फक्त रिकॉलचं काम लिहून घेणं. दिवस मोडतो हेही खरं, पण स्टिअरिंग किंवा एअरबॅगच्या दोषापुढे तो हिशेब टिकत नाही.

कंपनीने दोषच नाकारला, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगाकडे, दोन वर्षांच्या आत, दाद मागता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे शुल्क नाही. सदोष भाग बदलून मिळत असेल, तर अख्खी गाडी बदलून मागता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये मारुतीच्या एका खटल्यात म्हटलं होतं. पण एप्रिल २०२२ मध्ये, अपघातात एअरबॅग न उघडलेल्या ह्युंदाई क्रेटाच्या प्रकरणात, त्याच न्यायालयाने भरपाई आणि गाडी बदलून देण्याचा आदेश कायम ठेवला. धडकेचा वेग आणि जोर यांचं गणित ग्राहकाने मांडावं, ही अपेक्षा चूक ठरवली. मात्र बिघाड केव्हा दिसला, किती वेळा दाखवला, हे ग्राहकालाच दाखवावं लागतं. तोंडी सांगितलेलं तिथे फारसं चालत नाही. तारीख, किलोमीटर आणि आपल्या शब्दांतली तक्रार असलेलं जॉब कार्ड प्रत्येक वेळी मागून घ्यावं, आणि तोच मजकूर कंपनीला ईमेलनेही पाठवावा.