वर्षाअखेरचा शेरा

कामात कमी पडणारा माणूस कोणत्या कचेरीत नसतो? त्याच्याविषयी सगळे जण बोलत असतात. बोलत नाही तो बहुधा त्याचा वरिष्ठ. भिडेमुळे म्हणा, वादाच्या कंटाळ्यामुळे म्हणा, किंवा आपली बदली होईपर्यंत निभावून न्यावे या विचाराने म्हणा, तो गप्प राहतो. कामे मात्र थांबत नाहीत. ती शेजारच्या मेहनती माणसाच्या टेबलावर सरकतात, आणि कामचुकारपणाचा दंड कामसू माणूस भरतो.

दिल्ली हे कचेऱ्यांचे शहर. तेथील केंद्र सरकारच्या खात्यांनी या प्रश्नाला शोधलेले जुने उत्तर म्हणजे वार्षिक गोपनीय अहवाल. हाताखालच्या माणसाचे काम निदान तीन महिने पाहिलेल्या अधिकाऱ्याने वर्षाअखेर अहवाल लिहावा, त्याच्यावरच्या अधिकाऱ्याने तो तपासावा, आणि बढतीच्या वेळी समितीने हे सगळे अहवाल एकत्र वाचावेत, अशी ही रीत. प्रतिकूल शेरा असेल तर तेवढा संबंधिताला कळवीत. बाकीचा अहवाल बंद पाकिटात राही.

या पद्धतीमागची मूळ सूचना मात्र शहाणपणाची होती. दोष लिहिणाऱ्याने तो दूर व्हावा म्हणून आपण कोणती समज दिली, कोणते मार्गदर्शन केले आणि त्याचा काय परिणाम झाला, हेही लिहावे, अशी अपेक्षा होती. म्हणजे वर्षाअखेरचा शेरा हा वर्षभर झालेल्या संभाषणाचा सारांश असायचा होता. १९६६ साली नेमलेल्या प्रशासकीय सुधारणा आयोगानेही आणखी एक पाऊल पुढे टाकून सुचविले की, कर्मचाऱ्याने वर्षभराच्या कामाचा गोषवारा स्वतःच लिहून द्यावा. पण संभाषण कठीण आणि शेरा सोपा. पुष्कळ ठिकाणी संभाषण गळाले आणि शेरा उरला.

गुप्त शेऱ्याने किती नुकसान होते, हे देवदत्त विरुद्ध भारत सरकार या खटल्यात दिसले. हे गृहस्थ सीमा रस्ते सेवेत कार्यकारी अभियंता होते. वरच्या पदासाठी पाच वर्षे 'फार चांगला' हा दर्जा लागत असे. १९९३-९४ च्या अहवालात त्यांना 'चांगला' एवढाच शेरा मिळाला. शब्द निंदेचा नव्हता, म्हणून तो त्यांना कळविण्यात आला नाही; पण त्याच शब्दाने त्यांची बढती अडली. ज्या शेऱ्याची खबरच नाही, त्याविरुद्ध दाद कशी मागायची? दिल्लीच्या टिळक मार्गावरील सर्वोच्च न्यायालयाने मे २००८ मध्ये निर्णय दिला की, शेरा चांगला असो वा वाईट, प्रत्येक शेरा कळविलाच पाहिजे. तोपर्यंत हे अभियंते निवृत्तही झाले होते. २०१३ साली तीन न्यायमूर्तींच्या पीठाने हेच तत्त्व पुन्हा उचलून धरले.

या निकालानंतर केंद्र सरकारने मे २००९ मध्ये आदेश काढला. २००८-०९ या वर्षापासून संपूर्ण अहवाल कर्मचाऱ्याला दाखविला जाऊ लागला आणि त्यावर म्हणणे मांडण्यास पंधरा दिवसांची मुदत मिळाली. 'गोपनीय' हा शब्द नावातून गेला. दहापैकी गुण देण्याची पद्धत आली.

अन्यायाचे एक दार असे बंद झाले. दुसरे मात्र उघडे राहण्याचा धोका आहे. गुण दाखवायचेच आहेत म्हटल्यावर लिहिणाऱ्याचा हात सैल सुटतो. सर्वांनाच आठ-नऊ गुण वाटले की कोणाचे तोंड चुकवावे लागत नाही. मात्र खरोखर उत्तम काम करणाराही त्या गर्दीत हरवतो.

माणूस मुळीच सुधारत नसेल तर? राज्यघटनेच्या ३११ व्या अनुच्छेदानुसार चौकशी करून बाजू मांडण्याची संधी दिल्यावाचून, काही मोजके अपवाद सोडता, सरकारी नोकराला बडतर्फ करता येत नाही. मूलभूत नियम ५६(जे) प्रमाणे ठराविक वयानंतर सार्वजनिक हितासाठी सक्तीने निवृत्त करता येते. ती शिक्षा मानली जात नाही. पण हे दोन्ही मार्ग अखेर कागदपत्रांवरच उभे राहतात. वीस वर्षे 'चांगला' लिहून एकविसाव्या वर्षी 'निरुपयोगी' म्हणणाऱ्या वरिष्ठावर कोण विश्वास ठेवील?

दिल्लीला लागूनच गुरुग्राम आणि नोएडा आहेत. तेथील खासगी कंपन्यांत वेगळी चाल दिसते. कमी पडणाऱ्याला लेखी उद्दिष्टे देऊन काही आठवड्यांची मुदत देतात. कल्पना चांगली, पण निरोप द्यायचे आधीच ठरवून ही मुदत दिली, तर ते निव्वळ नाटक होते. सरकारात बोलणे उशिरा होते, येथे ऐकणे राहून जाते.

कोणत्याही कचेरीत पहिला प्रश्न एकच: या माणसाला काम येत नाही, करायचे नाही, की करता येत नाही? येत नसेल तर शिकवावे लागेल. करायचे नसेल तर स्पष्ट समज द्यावी लागेल. घरचे आजारपण, अपुरी साधने किंवा न झेपणारे काम आड येत असेल, तर ती अडचण आधी दूर करावी लागेल. हा भेद खोलीचे दार लावून, समोरासमोर बसून विचारल्यावाचून कळत नाही. बोलणे चुकीनंतर लवकर व्हावे, नेमक्या कामाविषयी व्हावे, आणि काय ठरले त्याच्या चार ओळी दोघांपाशी असाव्यात. महिन्याभराने पुन्हा बसून त्या ओळी पडताळून पाहाव्यात.

असे झाले तर वर्षाअखेर लिहिलेला शेरा, कडू असला तरी, कोणालाही अनपेक्षित वाटणार नाही. मार्चअखेर आपला अहवाल वाचून कर्मचारी चकित झाला, तर आधीचे अकरा महिने त्याचा वरिष्ठ काय करीत होता, हा प्रश्न विचारावाच लागेल.