खाडीचे भांडवल आणि भरपाईचा हिशेब

ठाण्याच्या खाडीकाठी आणि कल्याण-डोंबिवलीजवळून वाहणाऱ्या उल्हास नदीच्या तीरावर कोळी-आगरी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या जी मासेमारी व घरबांधणी केली, तिचे ‘लोकपरंपरा’ म्हणून कौतुक होते. वस्तुतः तो अर्थव्यवहार आहे, आणि त्याचा हिशेब कोणी मांडलेला नाही.

डोलीचे उदाहरण घ्यावे. शंकूच्या आकाराच्या या जाळ्याचे तोंड तळात रोवलेल्या खुंटांना प्रवाहासमोर बांधतात. पाण्याचा ओघ मासळीला जाळ्याच्या शेपटाकडे लोटतो. ओघ मंदावला की जाळे उचलतात. मासळीमागे धावण्याचे इंधन वाचते. त्याऐवजी उधाण-भांगाचे तिथीवार गणित आणि तळच्या गाळाची पारख लागते. जुन्या घरांचेही तेच. कारवीच्या काठ्यांच्या कुडावर माती-शेणाचा गिलावा दिला की भिंत उभी राहते. कारवी साधारणतः आठ वर्षांतून एकदा फुलते आणि नंतर वाळते; हे चक्र ठाऊक असणाराच तिची काठी योग्य वेळी तोडतो.

या दोन्ही कसबांचे खरे भांडवल मालकाच्या घरात नाही. ते खाडीत, रानात आणि माणसाच्या जाणतेपणात आहे. म्हणूनच भराव पडला, सांडपाणी मिसळले, तरी ताळेबंदात तोटा दिसत नाही. जवाहरलाल नेहरू बंदराच्या विस्तारामुळे बाधित झालेल्या १,६३० मच्छीमार कुटुंबांना सुमारे ९५ कोटी रुपये देण्याचा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ साली दिला. बुडालेल्या उपजीविकेला किंमत आहे, हे त्यामुळे मान्य झाले, ही मोठीच गोष्ट. तथापि कुटुंबामागे सरासरी पावणेसहा लाखांच्या आसपास जाणारी ही रक्कम बुडालेल्या मिळकतीची भरपाई करील. मुलाला खाडी वाचायला शिकविणार नाही.

ठाणे खाडीच्या काही भागाला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा आणि २०२२ मध्ये रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. पाणथळींचा सुज्ञ वापर हे रामसर कराराचे मूळ सूत्र आहे. तो वापर शतकानुशतके ज्यांनी केला, त्यांच्या डोलींच्या जागा, हंगाम व हक्क यांची नोंद खाडीच्या व्यवस्थापन आराखड्यात व्हावयास हवी. भरपाई नुकसानीनंतर येते. नोंद मात्र त्याआधी करता येते. पक्ष्यांची गणना करणाऱ्या व्यवस्थेला खुंटांची गणना अवघड जाऊ नये.