निवडून येणारे आणि निभावून नेणारे

वर्गाचा मॉनिटर नेमताना शिक्षकांची नजर बहुधा पहिल्या बाकावरच्या हुशार मुलीकडे जाते, नाहीतर सगळ्यांवर आवाज चढवणाऱ्या मुलाकडे. पुढारपण अंगात असावं लागतं, ही समजूत त्यामागे असते. या समजुतीची पारख मानसशास्त्रज्ञ गेली एकशेवीस वर्षं करत आले आहेत, आणि त्यातली बरीचशी थेट विद्यार्थ्यांवरच झाली आहे.

सुरुवातीचा एक प्रयोग 1904 चा. पुढे बुद्धिमापन चाचण्यांमुळे गाजलेल्या लुईस टर्मन यांनी शाळकरी मुलांचे छोटे गट केले आणि त्यांना प्रश्न विचारले. उत्तर आधी कोण देतं आणि कोणाचं उत्तर बाकीचे उचलतात, हे त्यांनी टिपलं. पुढची चार दशकं संशोधक पुढाऱ्याचे गुण शोधत राहिले. बुद्धी, आत्मविश्वास, वक्तृत्व, अगदी उंचीसुद्धा त्यांनी तपासली. 1948 मध्ये राल्फ स्टॉगडिल यांनी अशा 124 अभ्यासांचा आढावा घेतला. काही गुण वारंवार दिसतात खरे, पण केवळ गुणांच्या जोरावर कोणी नेता होत नाही. एका प्रसंगी पुढे असणारा दुसऱ्या प्रसंगी मागे पडू शकतो, असा त्यांचा निष्कर्ष होता.

त्याआधी, 1939 मध्ये, कुर्ट लेविन, रोनाल्ड लिपिट आणि राल्फ व्हाइट यांचा आयोवातला प्रयोग प्रसिद्ध झाला होता. दहा वर्षांच्या मुलांची मंडळं केली आणि प्रत्येकावर एक मोठा माणूस म्होरक्या म्हणून नेमला. कुठे त्याने हुकूम सोडले, कुठे मुलांशी विचारविनिमय केला. हुकमाखालची मुलं काम करत, पण म्होरक्या खोलीबाहेर गेला की हात थांबत. विचारविनिमय झालेल्या मंडळांत काम चालू राही. यातली मोलाची गोष्ट अशी की तीच माणसं आळीपाळीने वेगवेगळी पद्धत वापरत होती. स्वभाव तोच, वागणं बदललेलं, आणि मुलांवरचा परिणामही बदललेला.

गुणांचा विचार पुन्हा जोरात आला तो व्यक्तिमत्त्वाच्या पाच घटकांची मांडणी रुळल्यावर. 2002 मध्ये टिमोथी जज आणि सहकाऱ्यांनी 73 नमुन्यांवरची आकडेवारी एकत्र केली. पाचही घटक मिळून नेतृत्वाशी 0.48 इतका सहसंबंध निघाला. तो दुर्लक्ष करण्याजोगा नाही, पण माणसामाणसांतल्या फरकाचा चौथा हिस्साही त्यातून उलगडत नाही. विद्यार्थ्यांमध्ये बहिर्मुखता (0.40) आणि कर्तव्यदक्षता (0.36) सर्वांत पुढे होती.

याच अभ्यासातला दुसरा तपशील मला अधिक महत्त्वाचा वाटतो. नेता म्हणून पुढे येणं आणि नेतृत्व परिणामकारक ठरणं, या दोन गोष्टी संशोधकांनी वेगळ्या मोजल्या. पुढे येण्याशी मनमिळाऊपणाचा संबंध जवळजवळ नाही (0.05), काम निभावण्याशी मात्र तो स्पष्ट दिसतो (0.21). बहिर्मुखतेचा संबंध पुढे येण्याशी 0.33, तर परिणामकारकतेशी 0.24. बोलका मुलगा चटकन नजरेत भरतो. गटाला धरून ठेवणारी मुलगी निवडीच्या वेळी दिसतच नाही.

गुणांबरोबर वृत्तीचाही प्रश्न येतो. तो धागा 2001 मध्ये चॅन आणि ड्रॅसगो या संशोधकांनी पकडला. सिंगापूर आणि अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांसह सिंगापूरच्या लष्करी उमेदवारांचाही त्यांनी अभ्यास केला. पुढारपण घ्यावंसं का वाटतं, याची तीन कारणं त्यांनी वेगळी केली: नेतृत्वाची आवड, कर्तव्याची जाणीव आणि फायद्यातोट्याचा हिशेब न करण्याची वृत्ती. नेतृत्वाचा अनुभव आणि जमेल असा विश्वास यांचाही या प्रेरणेशी संबंध असतो, असं त्यांनी मांडलं.

आपल्याकडे या काळात काय झालं? महाराष्ट्रातल्या कॉलेज निवडणुकांना हाणामाऱ्या आणि पैशांचं ग्रहण लागलं. 1994 च्या विद्यापीठ कायद्याने वर्गप्रतिनिधी गुणवत्तेवर, म्हणजे मार्कांवर, नेमायची पद्धत आणली. एनएसएस, एनसीसी, क्रीडा आणि सांस्कृतिक विभागांतून आणखी काही जण यायचे. 2016 च्या कायद्याने थेट निवडणुका परत आणल्या. अंमलबजावणी मात्र पुढे पुढे ढकलली गेली. या सगळ्या वादात प्रश्न एकच राहिला, निवड कशी करायची? मार्कांतून अभ्यास कळतो, मतांतून लोकप्रियता कळते. काम निभावण्याची वृत्ती या दोन्हींतून कळत नाही.

ती कळते कामातूनच. म्हणून शिक्षकांना एवढंच सुचवावंसं वाटतं: गॅदरिंग, सहल, एनएसएसचं शिबिर यांची जबाबदारी दर वेळी त्याच चार जणांकडे देऊ नका, ती फिरती ठेवा. अबोल मुलांनाही एखाद्या कामाचं प्रमुखपद द्या. आणि काम संपल्यावर कोणी किती छान भाषण केलं हे पाहण्याऐवजी, त्याच्या हाताखाली राबलेल्या मुलांना विचारा की पुन्हा याच्याबरोबर काम कराल का. त्यांचं उत्तर मार्क आणि मतं या दोन्हींपेक्षा जास्त भरवशाचं असेल.